आधी निवड, मग निकाल

१५ एप्रिल २०१९ रोजी विश्वचषकासाठी भारताचा क्रिकेट संघ जाहीर झाला. त्यात हार्दिक पंड्या होता, के. एल. राहुलही होता. खेळाच्या दृष्टीने दोघांच्या निवडीत खटकावं असं काही नव्हतं. पण मैदानाबाहेरच्या वागण्यावरून या दोघांची जी चौकशी जानेवारीपासून रेंगाळली होती, तिचा निकाल त्या दिवशी अजून यायचा होता. तो आला पाच दिवसांनी. क्रिकेट मंडळाच्या लोकपालांनी समजा सहा महिन्यांची बंदी घातली असती, तर निवड समितीने काय केलं असतं? तसं काही होणार नाही, हे सगळ्यांनी आधीच धरून ठेवलं होतं. त्या प्रकरणातली सर्वांत गंभीर गोष्ट मला हीच वाटते, टीव्हीवर जे बोललं गेलं त्याहूनही.

प्रकरण बहुतेकांना आठवत असेल. ६ जानेवारीला ‘कॉफी विथ करण’चा तो भाग दाखवला गेला. हार्दिक तेव्हा पंचवीस वर्षांचा, राहुल सव्वीसचा. स्त्रियांबद्दल आणि स्वतःच्या संबंधांबद्दल हार्दिक ज्या फुशारकीने बोलला ते ऐकवत नव्हतं. राहुल त्या मानाने कमी बोलला. दोन-तीन दिवसांत गदारोळ उठला, हॉटस्टारने तो भाग काढून टाकला, हार्दिकने ट्विटरवर माफी मागितली. दोघे तेव्हा संघाबरोबर ऑस्ट्रेलियात होते. क्रिकेट मंडळाचा कारभार त्या काळात सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकीय समितीकडे होता. समितीचे अध्यक्ष विनोद राय यांनी दोन सामन्यांची बंदी सुचवली. दुसऱ्या सदस्य, भारताच्या माजी कर्णधार डायना एडुलजी यांनी आधी कायदेशीर सल्ला घ्यायचं ठरवलं. शेवटी ११ जानेवारीला, सिडनीतल्या पहिल्या एकदिवसीय सामन्याच्या आदल्या दिवशी, दोघांना निलंबित केलं गेलं आणि त्यांची घरी रवानगी झाली. किती दिवसांसाठी? चौकशी होईपर्यंत. चौकशी कोण करणार? लोकपाल. आणि मंडळाला लोकपालच नव्हता. त्याची नेमणूक न्यायालयाकडून व्हायची होती. २४ जानेवारीला निलंबन उठलं. हार्दिक न्यूझीलंडमध्ये संघाला जाऊन मिळाला, राहुल भारत ‘अ’ संघाकडून इंग्लंड लायन्सविरुद्ध खेळला. फेब्रुवारीत निवृत्त न्यायमूर्ती डी. के. जैन लोकपाल झाले. मार्चमध्ये आयपीएल सुरू झालं. एप्रिलमध्ये सुनावणी झाली. त्याच सुमारास वानखेडेवर दोघे एकमेकांच्या विरुद्ध संघांतून खेळले आणि राहुलने शतक ठोकलं.

आणि मग आदेश. प्रत्येकाने वीस लाख रुपये द्यायचे. त्यातले दहा लाख कर्तव्यावर असताना प्राण गमावलेल्या निमलष्करी दलांतल्या दहा जवानांच्या पत्नींना, प्रत्येकी एक लाख. उरलेले दहा लाख अंध क्रिकेटपटूंसाठीच्या निधीला. मुदत चार आठवड्यांची.

दहा कुटुंबांना मदत मिळाली, अंध क्रिकेटपटूंच्या निधीत भर पडली, याचा कुणालाही आनंदच होईल. पुलवामाच्या हल्ल्याला तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते, देशाचं मन दुखावलेलं होतं. पण गुन्हा काय आणि शिक्षा काय, याचा एकमेकांशी संबंध लावून पाहा. तक्रार होती ती स्त्रियांना तुच्छ लेखण्याबद्दल. त्यावर उपाय म्हणून सांगितलं गेलं ते देणगी देणं, तेही अशा कामांना की ज्यांच्याबद्दल कुणी चकार शब्द काढणार नाही. कमी बोललेला आणि जास्त बोललेला, दोघांना दंड सारखाच. ज्या मंडळाचे हे खेळाडू, त्याच मंडळाच्या करारावर महिला क्रिकेटपटूही खेळत होत्या. संघांबरोबर फिरणाऱ्या कर्मचाऱ्यांत स्त्रिया असतात. या खेळाडूंबरोबर त्यांना काम करायचं होतं, प्रवास करायचा होता. त्या आदेशात त्यांना कुठे जागाच नाही.

असं का होतं, याचा विचार करताना मला वाटतं की तरुण खेळाडूंच्या मैदानाबाहेरच्या वागण्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी असतात आणि क्लब, फ्रँचायझी, मंडळं त्यांची गल्लत करतात. एक वागणं असं, की ज्यात खेळाडू स्वतःचं किंवा संघाचं नुकसान करतो. उशिरा येणं, वजन वाढणं, रात्ररात्र जागणं, नको त्या गोळ्या घेणं. दुसरं वागणं असं, की ज्यात दुसऱ्या माणसाला इजा होते. मारहाण, छळ, स्त्रीशी गैरवर्तन, दारू पिऊन बेफाम गाडी चालवणं. पहिल्या प्रकाराला हवी असते देखरेख आणि समज. दुसऱ्याला हवा असतो न्याय, आणि तोही ज्याला इजा झाली त्याच्याकडे बघून. क्लब नेमकं उलटं करतात. आपली गैरसोय झाली की कडक होतात, दुसऱ्याला इजा झाली की सावध होतात.

जानेवारी २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पराभवानंतर भारतीय मंडळाने शिस्तीचं दहा कलमी धोरण आणलं, ते या दृष्टीने वाचण्यासारखं आहे. सगळ्यांनी संघाच्या बसमधूनच प्रवास करायचा. लांबच्या दौऱ्यावर सामान दीडशे किलोपर्यंत. पंचेचाळीस दिवसांहून मोठा दौरा असेल तर कुटुंबाला दोन आठवडे बरोबर राहता येईल. खासगी आचारी, मदतनीस, व्यवस्थापक यांच्यावर बंधनं. मालिका चालू असताना जाहिरातींचं चित्रीकरण नाही. मोडलं तर थेट आयपीएल खेळण्यावरही गदा येऊ शकते. यातलं एकही कलम मला चुकीचं वाटत नाही. दमलेल्या, विस्कळीत संघाला काही शिस्त लागतेच. पण बॅगांच्या वजनापर्यंत बारकाईने गेलेल्या त्या दहा कलमांचा सगळा रोख संघाच्या सोयीवर आहे. सामना नसलेल्या रात्री एखाद्या खेळाडूने हॉटेलातल्या कर्मचारी मुलीशी गैरवर्तन केलं, तर तिने कुणाकडे जायचं, तोवर तो खेळाडू खेळणार की नाही आणि ते कोण ठरवणार, या प्रश्नांना ती कलमं हात घालत नाहीत.

इंग्लंडची गोष्ट याच्याशी ताडून पाहावी. २५ सप्टेंबर २०१७ च्या पहाटे ब्रिस्टलमधल्या एका नाइटक्लबबाहेर हाणामारी झाली. तीत बेन स्टोक्स होता. सहकारी ॲलेक्स हेल्स बरोबर होता. स्टोक्स तेव्हा सव्वीस वर्षांचा, संघाचा उपकर्णधार. आरोप दाखल होण्याआधी मंडळाने त्याला संघाबाहेर ठेवलं आणि त्याची ॲशेस मालिका गेली. १५ जानेवारी २०१८ ला सार्वजनिक ठिकाणी हाणामारी केल्याचा आरोप प्रत्यक्ष दाखल झाला. त्यानंतर दोनच दिवसांत मंडळाने जाहीर केलं की तो आता निवडीसाठी उपलब्ध आहे. आरोप नव्हता तेव्हा बाहेर, आरोप आल्यावर आत. खटला लांबेल आणि माणूस तोवर किती काळ ताटकळत ठेवायचा, हा त्यामागचा विचार समजू शकतो. पण मग हाच विचार सप्टेंबरमध्ये का नव्हता? जानेवारीच्याच अखेरीस आपल्याकडे आयपीएलचा लिलाव झाला. त्यात राजस्थान रॉयल्सने साडेबारा कोटी रुपयांना स्टोक्सला घेतलं. त्या लिलावातली ती सर्वांत मोठी बोली होती. ऑगस्टमध्ये ज्यूरीने त्याला निर्दोष ठरवलं, आणि तो निर्णय मी पूर्ण मानतो. मुद्दा स्टोक्स दोषी होता की नव्हता हा नाही. बोली लावणाऱ्यांना जानेवारीत ते ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असण्याची गरजही वाटली नव्हती.

डिसेंबर २०१८ मध्ये इंग्लंडच्या शिस्तपालन आयोगाने स्टोक्सला आठ आणि हेल्सला सहा सामन्यांची बंदी सांगितली, शिवाय अनुक्रमे तीस हजार आणि साडेसतरा हजार पौंड दंड. स्टोक्सची बंदी आधी हुकलेल्या सामन्यांत भरून निघाली होती. पुढे एप्रिल २०१९ मध्ये बातमी आली की नशेच्या पदार्थांच्या चाचणीवरून हेल्सला एकवीस दिवसांची बंदी झाली आहे. ही बंदी भोगून झाल्यावरही त्याला विश्वचषकाच्या संघातून काढलं गेलं. कर्णधार इऑन मॉर्गनने सांगितलं की संघाचा त्याच्यावरचा विश्वास पार उडाला आहे. हेल्स तीन वर्षांहून जास्त काळ इंग्लंडकडून खेळला नाही. २०२२ मध्ये मॉर्गन निवृत्त झाला होता, सप्टेंबरमध्ये जॉनी बेअरस्टो गोल्फ खेळताना जायबंदी झाला, टी-ट्वेंटी विश्वचषकासाठी सलामीवीर हवा होता. तेव्हा हेल्स परत आला आणि ॲडलेडच्या उपांत्य सामन्यात भारताविरुद्ध नाबाद ८६ धावा करून गेला.

दोघांच्या गोष्टी सारख्या नाहीत, हे मान्य. तरीही ज्याने मुख्यतः स्वतःचं आणि संघाचं नुकसान केलं, त्याला तीन वर्षं दार बंद राहिलं. आणि ते उघडलं ते पश्चात्ताप मोजून नाही, जागा रिकामी झाली म्हणून. विश्वासाचा प्रश्न एवढा मोठा होता तर तो गोल्फच्या मैदानावरच्या एका अपघाताने सुटायला नको होता.

फुटबॉलच्या मोठ्या क्लबांकडे पाहिलं तर दिसतं की क्लब स्वतःच न्यायाधीश होतो तेव्हा काय घडतं. मँचेस्टर युनायटेडचा मेसन ग्रीनवुड लहानपणापासून क्लबच्या अकादमीत वाढलेला. जानेवारी २०२२ मध्ये, वीस वर्षांचा असताना, एका तरुणीवरच्या अत्याचाराच्या आरोपावरून त्याला अटक झाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये सरकारी पक्षाने आरोप मागे घेतले. महत्त्वाचे साक्षीदार माघारी गेले होते आणि नवी माहिती पुढे आली होती. न्यायालयात काहीही सिद्ध झालं नाही. त्यानंतर क्लबने स्वतः सहा महिने चौकशी केली. ऑगस्टमध्ये निष्कर्ष आला: ज्या गुन्ह्यांचा आरोप होता ते त्याने केलेले नाहीत असं आम्हाला वाटतं, पण त्याने पुढची कारकीर्द दुसरीकडे करावी. मग हेटाफे, मग मार्सेय, आणि मार्सेयकडून मोठी रक्कम.

हा निष्कर्ष स्वतःशीच भांडतो. मुलगा निर्दोष असेल तर त्याला घराबाहेर का काढायचं? दोषी असेल तर दुसऱ्या क्लबला का विकायचं? त्याला परत घ्यायची तयारी चालू आहे अशी बातमी फुटली, समर्थकांत आणि समाजात संताप उसळला आणि मगच हा निर्णय आला, हा क्रम सगळ्यांनी पाहिला. म्हणून त्या चौकशीवर कुणाचाच विश्वास बसला नाही. ज्याच्या ताळेबंदात खेळाडू कोट्यवधींची मालमत्ता म्हणून मांडलेला आहे, त्याच्याच हाती सत्य शोधायचं काम दिलं तर प्रामाणिक माणसंही ते नीट करू शकणार नाहीत. त्यांनी खरं सांगितलं तरी ते खरं वाटत नाही. यात खेळाडूचंही नुकसान आहे, कारण अशा चौकशीतून मिळालेली निर्दोषता कुणी मान्यच करत नाही.

आणि हे सगळं निदान महिनोन्‌महिने विचार करून झालेलं. आपल्याकडे मे २०१२ मध्ये रॉयल चॅलेंजर्स बंगलोरच्या ल्यूक पॉमर्सबाख या ऑस्ट्रेलियन खेळाडूला दिल्लीतल्या हॉटेलात एका तरुणीशी गैरवर्तन केल्याच्या तक्रारीवरून अटक झाली. फ्रँचायझीने त्याला निलंबित केलं खरं, पण त्याच वेळी संघमालकाच्या मुलाने ट्विटरवरून तक्रारदार तरुणीच्याच वागण्यावर शेरे मारले. ते प्रकरण पुढे आपसात मिटलं. त्यात खरं काय होतं ते न्यायालयाच्या निकालातून कधी कळणार नाही. मात्र तक्रार करणारीने कुठल्या दाराशी जायचं, हे पुढच्या कित्येक मुलींना त्या ट्वीटमधून कळलं असेल.

मग करायचं काय? ऑस्ट्रेलियातल्या रग्बी लीगने, म्हणजे एनआरएलने, २०१९ मध्ये एक उत्तर दिलं. त्यावर मी बराच विचार केला आहे; ते मला बहुतांशी पटतं, आणि जिथे पटत नाही तेही सांगायला हवं.

२०१८ चा हंगाम संपल्यापासून काही महिने त्या लीगमधल्या एकामागून एक खेळाडूंवर गुन्हे नोंदले गेले, त्यातले कित्येक स्त्रियांवरच्या हिंसेचे. प्रत्येक क्लब आपापल्या परीने निर्णय घेत होता, म्हणजे बहुतेक वेळा टाळत होता. फेब्रुवारी २०१९ च्या अखेरीस लीगच्या आयोगाने नियम केला: अकरा वर्षं किंवा त्याहून जास्त कैद होऊ शकेल अशा गुन्ह्याचा आरोप खेळाडूवर दाखल झाला, की निकाल लागेपर्यंत तो सामने खेळणार नाही. पगार पूर्ण मिळेल. सरावही करता येईल. दोषी की निर्दोष, याबद्दल लीग एक शब्दही बोलणार नाही. त्याहून कमी गंभीर आरोपांत, विशेषतः स्त्रिया आणि मुलांच्या बाबतीत, लीगचा मुख्य अधिकारी निर्णय घेईल, क्लब नाही.

या नियमाची ताकद अशी, की निर्णय घडण्याआधीच झालेला असतो. खेळाडू कोण, त्याची किंमत किती, शनिवारी सामना कुणाशी, व्हिडिओ किती लोकांनी पाहिला, यातलं काहीच मोजायचं नसतं. आरोपाची पायरी आली की नियम आपोआप लागू होतो. क्लबच्या अध्यक्षाला ‘मुलगा चांगला आहे हो’ असं म्हणत फिरायची गरज उरत नाही आणि समाजमाध्यमांवरच्या जमावाला रक्त मागायला जागा राहत नाही. पूर्ण पगार चालू असल्याने ती शिक्षाही नाही. एखाद्या सरकारी अधिकाऱ्यावर गंभीर गुन्हा दाखल झाला तर त्याला कामावरून दूर ठेवतात आणि निर्वाह भत्ता देतात, ते आपल्याला अन्याय वाटत नाही. लाखो मुलं ज्याचं नाव पाठीवर छापलेली जर्सी घालतात, त्याच्या बाबतीत वेगळा न्याय कशासाठी?

पण या नियमाची किंमत पहिल्याच माणसाकडून पुरेपूर वसूल झाली. सेंट जॉर्ज इलावारा संघाचा जॅक डी बेलिन याच्यावर डिसेंबर २०१८ मध्ये लैंगिक अत्याचाराचा आरोप दाखल झाला होता. त्याने तो नाकारला. नियम मुळात त्याच्या प्रकरणातून जन्मला आणि त्यालाच पहिल्यांदा लागू झाला. तो फेडरल कोर्टात गेला. मे २०१९ मध्ये कोर्टाने लीगच्या बाजूने निकाल दिला. मग दोन खटले झाले, दोन्ही वेळा ज्यूरीचं एकमत झालं नाही. एका आरोपातून तो सुटला होता. बाकीचे मे २०२१ मध्ये सरकारी पक्षाने सोडून दिले. जूनमध्ये तो परत खेळला. सत्तावीस वर्षांचा खेळाडू तिशीत मैदानावर आला. रग्बीसारख्या शरीराचा भुगा करणाऱ्या खेळात ही सर्वांत मोलाची वर्षं असतात आणि पूर्ण पगार त्यांची भरपाई करू शकत नाही. ज्याच्याविरुद्ध काहीही सिद्ध झालं नाही त्या माणसाने दोन हंगामांहून जास्त काळ गमावला, हे सत्य या नियमाच्या बाजूने बोलणाऱ्या प्रत्येकाने तोंडाने म्हणायला हवं.

मी तरीही नियमाच्या बाजूने आहे. कारण नियम नसेल तेव्हाही कुणीतरी किंमत मोजतच असतं. फक्त ती दिसत नाही. आरोप करणारी स्त्री दर आठवड्याला टीव्हीवर त्याचा जयघोष ऐकते, साक्षीला उभं राहायच्या आधीच स्टेडियमने आपला निकाल दिलेला पाहते. ते ओझंही वर्षानुवर्षांचं असतं आणि त्याला पगार नसतो. मात्र नियमाची व्याप्ती अगदी अरुंद हवी, पोलिसांनी किंवा सरकारी पक्षाने गंभीर आरोप दाखल केला तरच. नुसती बातमी, नुसती तक्रार, नुसता व्हिडिओ यावर तो लागू व्हायला नको. आपल्याकडे तर हे आणखी जपून करावं लागेल. इथे खटला पाच-दहा वर्षं चालतो, गुन्हा नोंदवणं हेच कधीकधी शस्त्र म्हणून वापरलं जातं. म्हणून भारतात आरोपपत्र न्यायालयात दाखल झाल्याशिवाय असा नियम लागू करू नये, आणि ठरावीक मुदतीनंतर एखाद्या निवृत्त न्यायाधीशाने प्रत्येक प्रकरणाचा पुन्हा आढावा घ्यावा.

इजा झालेल्या माणसाच्या न्यायाबद्दल एवढं. दुसरी गोष्ट मुलांना वाढवण्याची, आणि ती आपल्या अंगणातली आहे.

पृथ्वी शॉ चौदा वर्षांचा असताना, २०१३ मध्ये, हॅरिस शिल्डच्या एका डावात ५४६ धावा काढून गेला. विरारहून वांद्र्याला लोकलने किट बॅग सांभाळत येणारा हा मुलगा त्या दिवसापासून स्वतःचा राहिला नाही. अठराव्या वर्षी त्याने एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकून आणला, दिल्लीच्या फ्रँचायझीने त्याला एक कोटी वीस लाखांना घेतलं, आणि ऑक्टोबरमध्ये राजकोटला पहिल्याच कसोटीत त्याने १३४ धावा केल्या. पुढच्या वर्षी खोकल्याच्या औषधातल्या बंदी असलेल्या द्रव्यामुळे आठ महिने निलंबन. ते नकळत घेतलं गेलं, हे मंडळानेच मान्य केलं. पण अठरा-एकोणीस वर्षांच्या करोडपती खेळाडूला सर्दी-खोकल्यावर दुकानातून घेतलेलं औषध पिण्याआधी विचारायला जवळ डॉक्टर नसावा? ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या रणजी संघातून त्याला वगळलं. कारण अधिकृतपणे सांगितलं गेलं नाही. फिटनेस आणि शिस्तीच्या बातम्या मात्र वर्तमानपत्रांत येत राहिल्या. नोव्हेंबरमध्ये आयपीएलच्या लिलावात ७५ लाखांच्या मूळ किमतीलाही कुणी बोली लावली नाही. डिसेंबरमध्ये मुंबईचा कर्णधार श्रेयस अय्यर जाहीरपणे म्हणाला की कामाच्या सवयी त्याने स्वतः सुधारायला हव्यात, आम्ही कुणाला सांभाळत बसू शकत नाही.

श्रेयसचं म्हणणं कर्णधार म्हणून बरोबर आहे. संघातल्या अकरा जणांतल्या एकाला रोज सकाळी उठवायला जाणं हे त्याचं काम नव्हे. पण मग ते कुणाचं काम? पंचवीस वर्षांच्या माणसाने स्वतःची जबाबदारी घ्यायलाच हवी, हे खरं. तो चौदा वर्षांचा होता तेव्हा मात्र त्याच्या धावांवर हक्क सांगणारे बरेच होते: शाळा, प्रायोजक, राज्य संघटना, मंडळ, फ्रँचायझी. या सगळ्यांनी त्याची फलंदाजी सांभाळली. वागणं ज्याचं त्याने सांभाळावं, असं ठरलं.

फ्रँचायझीतल्या अठरा वर्षांच्या मुलाची एक रात्र डोळ्यांपुढे आणा. सामना साडेसातला सुरू होतो, संपायला साडेअकरा वाजतात. मग बक्षीस समारंभ, मुलाखती, बर्फाच्या पाण्यात बसणं, बसने हॉटेल. खोलीवर पोचेपर्यंत एक वाजतो. अंगात अजून चाळीस हजार लोकांचा गजर असतो, झोप येत नाही. फोनवर हजारो निरोप आलेले असतात, अनोळखी मुलींचे, सट्टेवाल्यांचे, लांबच्या नातेवाइकांचे. कुणाला उसने पैसे हवेत, कुणाला सेल्फी. उद्या दुपारी विमान आहे, परवा दुसरं शहर. आठवडाभर त्याला कुणी ‘नाही’ म्हटलेलं नसतं. गोलंदाजीच्या प्रशिक्षकापासून मालिश करणाऱ्यापर्यंत प्रत्येक गोष्टीला माणूस असतो. रात्री एक वाजता दार ठोठावून ‘काय रे, ठीक आहेस ना, घरी बोललास का’ असं विचारणारा, आणि ज्याचा पगार त्याच्या धावांवर अवलंबून नाही असा माणूस बरोबर असणं हे मात्र अपवादाने घडतं.

ही पोकळी दिसायला हवी, कारण मुलं आणखी लहान होत चालली आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजस्थान रॉयल्सने वैभव सूर्यवंशीला एक कोटी दहा लाखांना घेतलं, तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. २८ एप्रिल २०२५ ला त्याने ३५ चेंडूंत शतक केलं. त्या रात्री सगळ्या देशाने त्याचं कौतुक केलं, मीही केलं. तो गुणी मुलगा आहे आणि सगळं नीट होवो. पण नीट होवो ही इच्छा म्हणजे व्यवस्था नव्हे. आठवी-नववीतल्या मुलाला कामावर ठेवणारी संस्था ही त्याची पालकही असते, करारात लिहिलेलं असो वा नसो.

इथे मला राहुलच्या प्रकरणातली एक बाजू पुन्हा आठवते. निलंबन उठल्यावर तो भारत ‘अ’ संघात गेला, तिथे राहुल द्रविड प्रशिक्षक होते. त्या आठवड्यांचा आपल्याला फार उपयोग झाला, असं त्याने पुढे सांगितलं आहे. २०२४ च्या एका मुलाखतीत तो म्हणाला की शाळेतसुद्धा आपल्याला कधी निलंबित केलं नव्हतं, आणि त्या प्रसंगाने आपल्याला आतून हलवलं. वीस लाखांनी तो बदलला असं त्याने म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही. खेळ थांबला आणि नेमक्या त्या वेळी एक शहाणा वडीलधारा माणूस जवळ होता, याचा परिणाम झाला. तो योगायोग होता. मंडळाने ‘तुला दोन महिने द्रविड यांच्याबरोबर काम करायचं आहे’ असं ठरवून पाठवलं असतं, तर त्याला मी शिक्षण म्हटलं असतं.

त्या वादाच्या वेळी हार्दिकच्या बाबतीत मुंबईच्या खार जिमखान्याने मानद सदस्यत्व काढून घेतलं आणि जिलेटने त्याच्याशी असलेलं नातं थांबवलं. दाढीच्या पात्यांच्या कंपनीने आणि उपनगरातल्या जिमखान्याने आपापली भूमिका घेतली. या दोन खेळाडूंना कोट्यवधी देणाऱ्या आयपीएल फ्रँचायझींनी मात्र स्वतःहून कसलीही कारवाई जाहीर केली नाही. प्रकरण राष्ट्रीय संघाचं, आमचं नाही, असं त्यांना वाटलं असावं. हे मला पटत नाही. वर्षातले दोन महिने ज्या मुलाच्या चेहऱ्यावर तुम्ही तिकिटं विकता, त्याचे उरलेले दहा महिने तुमचे नाहीत असं म्हणता येणार नाही.

आता तर फ्रँचायझींना अंग काढून घेणं आणखी अवघड आहे. २०२३ पासून महिला प्रीमियर लीग सुरू झाली. मुंबई, बंगळूरु आणि दिल्ली यांचे पुरुषांचे आणि महिलांचेही संघ आहेत. एकच नाव, एकच रंग. त्या जर्सीत खेळणाऱ्या मुलींना आपल्या संस्थेचा नियम काय आहे हे माहीत असण्याचा हक्क आहे. नियम नसेल तर तो नाही हे माहीत असण्याचाही.

आयपीएलचे दहा संघ आहेत. पुढच्या लिलावाआधीच्या एका बैठकीत त्यांना तीन कलमं करारात घालता येतील. गंभीर गुन्ह्याचं आरोपपत्र दाखल झालं तर खेळाडू पूर्ण मानधनावर बाजूला राहील, तो कितीही कोटींचा असो. बाकीच्या तक्रारी फ्रँचायझीच्या कार्यालयात न जाता लीगने नेमलेल्या, कुठल्याही संघाशी संबंध नसलेल्या माणसाकडे जातील. तो तक्रारदाराला आधी भेटेल आणि संघनिवडीआधी निर्णय देईल. आणि एकवीस वर्षांखालच्या प्रत्येक खेळाडूबरोबर असा एक माणूस असेल, जो ना त्याचा एजंट, ना प्रशिक्षक, ना निवडकर्ता. पहिल्या कलमामुळे कधीतरी एखाद्या संघाचा हुकमी फलंदाज ऐन बाद फेरीत बाहेर बसेल आणि तो संघ हरेल. मालकांनी हे कलम आजवर घातलेलं नाही याचं कारण माझ्या मते एवढंच आहे, आणि हरलेल्या त्या सामन्याची किंमत मोजायची तयारी आहे का, हे त्यांना प्रेक्षकांनीच विचारायला हवं.